डोळे मिटायचे, पण सगळ्यात शेवटी

बडोद्यात दांडिया बाजारातला जुना वाडा विकून मांजलपूरला किंवा भायलीकडे फ्लॅट बघायचा म्हटलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘पाय ठेवल्याबरोबर बरं वाटलं’ आणि ‘मन घेत नाही’. दोन्ही खरी असतात, फक्त फार लवकर बोलली जातात.

१९५५ च्या सुमारास, विशीतल्या डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाकडे इस्रायली सैन्यातल्या मुलाखतींची पद्धत बदलण्याचं काम आलं. तोवर मुलाखत घेणारा जवानाशी गप्पा मारून एकंदर मत द्यायचा आणि ते मत पुढे फारसं खरं ठरत नसे. कानेमननी सहा मुद्दे ठरवले. एका मुद्द्यावरचे प्रश्न संपले की लगेच १ ते ५ मार्क, मगच पुढचा मुद्दा. मुलाखत घेणारे चिडले, आमची यंत्रं करताय म्हणाले. मग त्यांना एक सवलत मिळाली: सहाही मुद्दे झाले की डोळे मिटा आणि वाटेल तो आकडा द्या. गंमत म्हणजे हा डोळे मिटून दिलेला आकडाही सहांच्या बेरजेइतकाच कामाचा निघाला. मनाचा कौल चांगलाच होता, तो घ्यायची वेळ चुकत होती.

घराला हे जसंच्या तसं लागू करता येतं. सहा मुद्दे असे: पाणी, भाव, रोजचं अंतर, हवा-उजेड, बांधकाम, सोसायटीचा कारभार. मुद्दे एकमेकांत शिरू द्यायचे नाहीत. शाळा जवळ, देऊळ जवळ, भाजी जवळ असे तीन मुद्दे केले की एकाच गोष्टीला तिप्पट मार्क पडतात. कागदपत्रं यादीत घेऊच नका. टायटल (मालकी हक्क) किंवा बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) यांत खोट असेल तर सगळ्या मुद्द्यांना पाचपैकी पाच मार्क असले तरी ते घर बाद.

१, ३ आणि ५ म्हणजे काय, हे घर बघायच्या आधी लिहून ठेवायचं. बडोद्यात पाण्याचा मुद्दा असा लिहिता येईल. ५: जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४, दोन्ही पुरांत कंपाउंडच्या आत पाणी नाही. ३: पार्किंगमध्ये आलं, पण मीटर आणि पंप कोरडे. १: मीटररूम बुडाली, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. ही माहिती दलालाकडून मिळत नाही. वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, आणि ‘पाणी आलं होतं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं. ‘तेव्हा स्कूटर कुठे नेऊन ठेवल्या होत्या?’ असं विचारा. पार्किंगच्या भिंतीवर एका ठरावीक उंचीपर्यंतच ताजा रंग दिसला तर तेही उत्तरच आहे.

हे लिहून ठेवायचं, कारण पुराची भीती आठवणीबरोबर चढते-उतरते. विश्वामित्रीला पूर येऊन गेल्यावर महिनाभर सगळ्यांना पाचवा मजलाच हवा असतो. दोन कोरडे पावसाळे गेले की कोणी विचारतही नाही. नदी तीच असते.

भावाचा मुद्दा सगळ्यात चिवट. नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुरलेल्या इस्टेट एजंटांना एक घर दाखवलं. माहितीचा गठ्ठा सगळ्यांना तोच, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळी. ज्यांच्या कागदावर किंमत जास्त, त्यांचा अंदाजही जास्त, आणि तरी बहुतेकांचं म्हणणं की त्या आकड्याकडे आम्ही लक्षच दिलं नाही! म्हणून किंमत विचारायच्या आधी आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. समजा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ७५० चौरस फूट आहे आणि शेजारचे दोन सौदे कार्पेटवर ६,६०० आणि ६,८०० ने झालेत. सरासरी ६,७००, म्हणजे ५० लाख २५ हजार. मग ५५ लाख ऐकले की चर्चा पावणेपाच लाखांवर होते. चिठ्ठी नसेल तर आपणच ५५ साठी कारणं शोधायला लागतो: कॉर्नरचा आहे, गार्डन दिसतं. सुपर बिल्टअपच्या भावाने हिशेब करू नका, त्यात जिना आणि लॉबीही मोजलेली असते.

मार्क देताना घरवार जाऊ नका, मुद्दावार जा. समजा तीन घरं बघितलीत, तर आधी तिन्ही घरांचं पाणी, मग तिन्ही घरांचं अंतर. एकाच घराचे सहाही मार्क सलग दिले की सॅम्पल फ्लॅटमधला चहा आणि पिवळे दिवे सगळ्या रकान्यांत झिरपतात. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्येच हे दाखवलं होतं: सैन्यातले वरिष्ठ अधिकारी हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी आणि स्वभावाचे वेगवेगळे मार्क देत, पण ते मार्क संशयास्पद इतके एकसारखे येत. अंतराचे मार्क सकाळी साडेनवाला प्रत्यक्ष जाऊन द्यावेत. रविवारी दुपारी सगळंच जवळ असतं.

कोणत्या मुद्द्याला किती वजन द्यायचं, यावर भांडू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉझने १९७९ मध्ये दाखवलं की सगळ्या मुद्द्यांना सारखं वजन दिलं तरी अंदाज आश्चर्य वाटावं इतके चांगले येतात. भांडायचंच तर मार्कांवर भांडा, तेही अशा शिस्तीत: प्रत्येकाने आपला कागद आधी एकट्याने भरायचा, आजोबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. ते आधी बोलले तर पाच कागद भरले तरी मत एकच राहतं. जिथे दोन किंवा जास्त मार्कांचा फरक असेल तेवढ्याच रकान्यावर बोलायचं. बहुतेक वेळा एकाने काहीतरी बघितलेलं असतं आणि दुसऱ्याने नाही.

यानंतर डोळे मिटा आणि सातवा आकडा द्या. तो बेरजेशी जुळत नसेल तर बेरीज खोडून मार्क वाढवायचा मोह होतो, तो टाळा. काय राहून गेलं ते शोधा. कदाचित आईला जिना चढवणार नाही, हे सहांत कुठेच नव्हतं. तसं असेल तर नवा मुद्दा तिन्ही घरांना लावा, एकट्या आवडत्या घराला नाही. टोकन द्यायच्या आदल्या रात्री प्रत्येकाने आणखी एक काम करायचं: दोन वर्षं झाली आहेत, हे घर घेऊन पस्तावा होतोय असं धरून चालायचं आणि का, ते तीन ओळींत लिहायचं. ‘काही अडचण येईल का?’ असं विचारलं की सगळे गप्प बसतात. अडचण आलीच आहे म्हटलं की पेनं चालायला लागतात.

सगळे कागद तारीख घालून दस्तावेजाच्या फाइलमध्येच ठेवा, आणि पहिला पावसाळा गेला की पाण्याचा रकाना पुन्हा भरा.