सीएसआरचा निधी मिळाला, पण आधी 'हार्डवेअर पुरवठादार' व्हावं लागलं

आमची संस्था छोटी. जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञानाच्या प्रयोगपेट्या देतो. एका कंपनीकडून सीएसआरचे (कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च) सहा लाख मिळाले त्याला दोन महिने झाले, तरी माझी चिडचिड काही जात नाही.

ज्याची धास्ती होती तो सरकारी भाग सुरळीत पार पडला. १२ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) होतंच, सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा) आमच्या सीएंनी भरला आणि नोंदणी क्रमांक आला. (१ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक लागतोच.) ऑगस्टमध्ये कंपनीच्या मॅडम शाळेत आल्या, स्वतः लिंबाच्या रसात लिटमस बुडवून पाहिला, खूश झाल्या. कंपनीच्या सीएसआर समितीची मंजुरीही आली.

मग आलं 'व्हेंडर रजिस्ट्रेशन', म्हणजे कंपनीकडे पुरवठादार म्हणून नोंदणी. नटबोल्ट आणि खोकी पुरवणाऱ्यांसाठी बनवलेलं पोर्टल. जीएसटी क्रमांकाच्या रकान्यापुढे लाल चांदणी. आम्ही काही विकत नाही, क्रमांक आणणार कुठून? रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जाईना. 'लागू नाही' लिहिलं, तर '१५ अक्षरं हवीत'. त्याखाली 'मालाचा प्रकार': केमिकल, पॅकेजिंग, हार्डवेअर, ट्रान्सपोर्ट. शिक्षण कुठेच नाही. मॅडम म्हणाल्या पर्चेसला विचारा. पर्चेस म्हणे आयटीला. आयटीला हवा मॅडमचा मेल. सप्टेंबर ते मार्च, दर सोमवारी माझा फोन, आणि पलीकडून तेच 'बघतो सर'.

१९ मार्चला मॅडमचाच फोन. "सर, ३१च्या आत पैसे सोडायचेत, आजच्या आज बिल पाठवा ना." बिल! सहा महिने झोपलेली माणसं आता दिवसातून तीनदा फोन करत होती. कारण उघड आहे, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, नाही केले तर संचालकांच्या अहवालात कारण द्यायचं आणि वर ते पैसे ठरलेल्या सरकारी निधीत भरायचे. ती लाल चांदणी त्यांच्या आयटीवाल्याने दहा मिनिटांत काढली. मालाचा प्रकार मी 'हार्डवेअर' टाकला.

व्हेंडर फॉर्म कसा असतो ते पहिल्याच भेटीत मागून घ्या, मंजुरीची वाट बघू नका. काम वर्षभरापेक्षा जास्त चालणार असेल तर करारात 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' असं लिहून घ्या. मग आर्थिक वर्षाअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते आणि तुमच्याच कामाला पुढची तीन वर्षं वापरता येते. आम्हाला हे एप्रिलमध्ये कळलं. हो, आणि समन्वयकाचं मानधन '५ टक्क्यांत बसत नाही' म्हणून कापायला लागले तर भांडा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. आम्ही भांडलो नाही, गप्प बसलो. ८०जीची मुदतही बघून ठेवा, ती पाच वर्षांनी संपते.

परवा पर्चेसचा मेल आला : 'प्रिय पुरवठादार, आपल्या मालाचं गुणवत्ता प्रमाणपत्र अद्याप मिळालेलं नाही.'