‘टॉय’ या एका शब्दापायी दहा आठवडे

इंग्लंडमधील एका विक्रेत्याकडून मागवलेले पुस्तक मुंबईला नऊ दिवसांत पोहोचले आणि तेथून कोल्हापूरला यायला त्याला दहा आठवडे लागले. पुस्तक निवडणे, पैसे भरणे आणि विक्रेत्याचा विश्वास बसणे या गोष्टी इतक्या सहज पार पडल्या की त्यांच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. जे सांगायचे आहे ते त्या दहा आठवड्यांविषयीच.

पुस्तक होते लुई जिरो या इंग्लिश प्रकाशकाने १९३०च्या दशकात काढलेल्या ‘बुकॅनो’ मालिकेतील. पान पूर्ण उघडले की मधोमध कागदाचे चित्र आपोआप उभे राहते आणि ते चारही बाजूंनी पाहता येते, ही या मालिकेची करामत. ‘पॉप-अप’ हा शब्द अमेरिकेतील ब्लू रिबन या प्रकाशनसंस्थेने १९३२ मध्ये वापरात आणला. जिरो मात्र आपल्या चित्रांना ‘जिवंत प्रतिकृती’ म्हणत असे. या पुस्तकांवर बहुधा प्रकाशनाचे वर्ष नसते, त्यामुळे आतल्या कोऱ्या पानावर कोणा आत्याने किंवा मामाने भाच्याला लिहून दिलेला नाताळचा मजकूर हाच संग्राहकाचा पुरावा. माझ्या प्रतीवर ‘नाताळ १९३६’ असे शाईने लिहिलेले होते आणि मी ती घेतली ती मुख्यतः त्या ओळीसाठीच.

घोटाळा झाला तो सीमाशुल्कासाठी पार्सलवर लावलेल्या घोषणापत्रात. विक्रेत्याने अगदी प्रामाणिकपणे ‘अँटिक टॉय बुक’ असे लिहिले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मुलांच्या स्वस्त, रंगीत चित्रपुस्तकांना ‘टॉय बुक’ म्हणण्याचा प्रघात होता आणि जुन्या पुस्तकांच्या व्यापारात तो शब्द आजही चालतो. परंतु आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची मोहर बंधनकारक आहे. परिणामी मुंबईतील एका कार्यालयातून तीन आठवड्यांनी मला जे पत्र आले, त्यात ओळखपत्राची प्रत आणि पैसे भरल्याची पावती यांच्या जोडीला खेळण्याचे मानक प्रमाणपत्रही मागितले होते. नव्वद वर्षांपूर्वी लंडनमध्ये छापलेल्या कागदाला ती मोहर कोठून आणावी, हे पत्रात अर्थातच नव्हते.

मी सविस्तर उत्तर पाठवले. त्यावर आणखी तीन आठवड्यांनी दुसरे पत्र आले: वस्तू ‘अँटिक’ असल्यास शंभर वर्षांहून जुनी असल्याचा पुरावा द्यावा. म्हणजे आता माझे पुस्तक एकाच वेळी नवे खेळणे आणि पुराणवस्तू अशा दोन्ही आरोपांखाली अडकले होते, आणि ते पुस्तक आहे हे म्हणायला कोणीही तयार नव्हते. त्या दिवसांत कोल्हापुरात पावसाने झोड उठवली होती, पंचगंगेची पातळी रोज वाचावी लागत होती, आणि मला मात्र मुंबईच्या दमट गोदामात पडलेल्या त्या कागदाच्या सांध्यांची काळजी लागली होती. (घरच्यांनी या काळजीला जे नाव दिले ते येथे देत नाही.)

हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते, पण सहा आठवडे रागावण्यात घालवल्यावर मी एकदाचे सीमाशुल्काचे वर्गीकरण स्वतः वाचले. मुलांची चित्रपुस्तके ४९०३ या शीर्षकाखाली येतात आणि खेळणी ९५०३ खाली. या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय स्पष्टीकरणात तर उभ्या राहणाऱ्या किंवा हलणाऱ्या आकृत्यांची चित्रपुस्तकेही ४९०३ मध्येच धरावीत असे सांगितले आहे. फक्त वस्तू मूलतः खेळणेच असेल तर ती तेथून वगळावी. तो परिच्छेद, विक्रेत्याकडून मागवलेली प्रत्येक पानाची छायाचित्रे आणि त्याचे सुधारित बिल एवढे कागद घेऊन मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठली.

तेथे दोन खिडक्या आणि एक जेवणाची सुट्टी पार केल्यावर एका अधिकाऱ्यांनी पार्सल समोर आणवले.

“यात बॅटरी आहे का?”

“नाही साहेब. कागद आणि घड्या, एवढंच.”

“मग हलतं कसं?”

मी विनंती केली की पुस्तक मी उघडतो. जुने पान परक्या हातांनी जोरात उघडले की घडीचे टोक फाटते. मधले पान उघडताच कागदाचे घर उभे राहिले. साहेबांनी पान हळूच मिटवून पुन्हा उघडले, आणि मग आणखी दोनदा. शेजारच्या टेबलावरच्या बाईही उठून आल्या. “अहो, हे तर पुस्तक आहे,” साहेब म्हणाले, “मग तसं लिहायचं ना!” त्या क्षणी मला सुटका आणि संताप यांपैकी नेमके काय जास्त वाटले, हे आजही ठरवता आलेले नाही. माझ्या हातचा परिच्छेद त्यांनी शेवटपर्यंत वाचला नाही, फक्त फाइलला लावून घेतला.

आठ दिवसांनी आमच्या पोस्टमनकाकांनी आकारलेले शुल्क घेऊन पार्सल दिले. ‘नाताळ १९३६’ शाबूत होते. घराच्या धुराड्याचा एक सांधा मात्र सुटला होता. अशा वेळी सेलोटेप अजिबात लावू नये, तिचा चिकटा काही वर्षांत कागद पिवळा करतो. माझे लक्ष्मीपुरीतले बाइंडर गव्हाच्या पिठाची पातळ खळ वापरतात, कारण ती ओलसर करून पुन्हा काढता येते; फक्त कसर आणि झुरळे तिच्यावर तुटून पडतात, म्हणून पावसाळ्यात पुस्तकाकडे दर पंधरवड्याला पाहावे लागते. पुस्तक आडवे आणि मिटलेले ठेवावे. ओढायच्या पट्ट्या असलेली पुस्तके घेताना विक्रेत्याकडे प्रत्येक पट्टीची चित्रफीत मागावी, कारण म्युनिकच्या मेगेनडोर्फरसारख्या कलावंताने एका पट्टीवर चार-पाच अवयव हलवण्यासाठी पानांच्या पोटात कागदी तरफा आणि तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी दडवली आहेत, आणि त्यातले एक निसटले तरी छायाचित्रात ते दिसत नाही. त्याचे मूळ पुस्तक माझ्या ऐपतीबाहेरचे आहे, पण ज्यांना परवडते त्यांनी ही काळजी घ्यावी.

गेल्या महिन्यात त्याच विक्रेत्याकडून मालिकेतले दुसरे पुस्तक मागवले. या वेळी घोषणापत्राचा मजकूर मीच लिहून पाठवला: ‘वापरलेले छापील पुस्तक, मुलांचे, सचित्र, एक प्रत’. विक्रेत्याने उत्तरात विचारले की हे वर्णन जरा रूक्ष नाही का. मी कळवले की रूक्षच हवे आहे.