भरताचं वांगं, जवस आणि साठीनंतरच्या रक्तवाहिन्या

थंडी सुरू झाली की आमच्या यावल पट्ट्यात शेताशेतात भरीत पार्ट्या होतात, आणि यंदा त्यासोबत मोबाईलवरचा एक मेसेजही फिरतोय. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो: "भाऊ, वांग्याच्या सालीत हृदयाचं औषध असतं म्हणे?"

जांभळ्या वांग्याच्या सालीत नासुनिन हे रंगद्रव्य असतं, हे खरं. पण आपलं बामणोदकडचं भरताचं वांगं हिरवट-पांढरं, आणि साल तर आपण भाजून काढूनच टाकतो. गरात मात्र क्लोरोजेनिक आम्ल असतं आणि तेही कामाचं आहे. फक्त बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेल्या त्या गरावर किती तेल ओतायचं, हे साठीनंतर ज्याने-त्याने ठरवावं.

वय वाढतं तशा धमन्या ताठर होतात. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यामुळे ती सैलावते. या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. उतारवयात हा वायू कमी पडतो. कांदा, चहा, फळं यांतली फ्लेव्होनॉइड्स नावाची वनस्पतीद्रव्यं त्याला टिकून राहायला थोडा हातभार लावतात. थोडा, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

मला विचाराल तर मी वांग्याआधी जवसाचं नाव घेईन. जवसाची चटणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-3, आणि लिग्नान हे आणखी एक वनस्पतीद्रव्य भरपूर. 2013 साली कॅनडातल्या संशोधकांनी पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांना रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस सहा महिने दिलं, तेव्हा वरचं बीपी जवळपास 10 अंकांनी कमी राहिलं. यातला 'दळलेलं' हा भाग महत्त्वाचा. अख्खा दाणा चावला गेला नाही तर तसाच पोटातून निघून जातो. आणि कुटलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच कुटा. चटणीत मीठ जपून घाला. दिवसभराचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात पापड, लोणचं, शेव हे सगळं असतं, तिथेच हा हिशोब बिघडतो.

लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. अख्खी पाकळी तेलात टाकली तर ते बनवणारं विकर उष्णतेने मरतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग फोडणीला घाला.

"झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार?" हे वाक्य ऐकलं की मला खरंच भीती वाटते. बांधावरच्या पिवळ्या बिट्टीची बीसुद्धा झाडाचीच, आणि ती थेट हृदयाचे ठोके थांबवू शकते. तशाच जातीचं द्रव्य असलेल्या डिजिटॅलिस या झाडावर विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच कुळातलं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मी आजही चिठ्ठी बघूनच देतो. औषध आणि विष यांच्यात तिथे मात्रेचं अंतर फार थोडं असतं.

सातपुड्यातल्या नाल्याकाठी अर्जुनसादड्याचं झाड उभं असतं. हृदयासाठी म्हणून त्याच्या सालीवर लहान-लहान अभ्यास झालेत, काही आशादायकही आहेत. पण मध्यंतरी आमच्याकडच्या एका नानांनी त्या सालीचा काढा सुरू केला आणि बीपीची गोळी सोडली. दुकानात मोजलं तर वरचा आकडा 190. मी त्यांना तिथूनच रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं. नाना आता बरे आहेत, गोळीही घेतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. किडनीचा त्रास असेल आणि पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम असलेल्या आपल्या जळगावच्या केळीबद्दलही विचारावं लागतं. तेव्हा माझ्याकडे चूर्ण किंवा कॅप्सूल मागायला याल, तर चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा. शेजारी-शेजारी ठेवून बघू.