वीस वर्षांची टर्बो, मुंबईची दमट हवा आणि आंबेनळी घाट

मुंबईत कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी गाडी असतेच, कव्हर घातलेली, कव्हरवर कबुतरांची घाण, टायर अर्धे बसलेले, आणि वॉचमनला विचारलं तर तो सांगतो साहेबांची खूप आवडती गाडी आहे, म्हणून काढत नाहीत. मला ते बघवत नाही. आणि कव्हरखाली जुनी ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती, असेल तर अजिबातच नाही.

माझ्याकडे तीच आहे, २००५ ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्कोडा भारतात आली २००१ मध्ये, ऑक्टाव्हिया घेऊन, आणि गाड्या जुळवल्या जायच्या आपल्या शेंद्र्याला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. बहुतेक लोकांनी १.९ लिटरची डिझेल घेतली, ९० हॉर्सपॉवरची, आणि ती पण मस्तच गाडी होती. पण २००४ ला आरएस आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण २०, १५० हॉर्सपॉवर, २१० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर, पाच गिअरचा मॅन्युअल. बिल्डिंगमध्ये बाकी सगळ्यांकडे झेन, सँट्रो, इंडिका असताना हे आकडे म्हणजे काय होतं ते तेव्हाच्या पोरांना विचारा. आज १५० हॉर्सपॉवर बऱ्याच गाड्यांना असते हे मान्य, पण त्या गाड्या तुम्हाला रस्ता कळू देत नाहीत. ही देते. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, जड आहे, आणि खालचा डांबर बदलला की हाताला समजतं.

आता मुद्द्यावर येतो. अशी गाडी चालवल्यानं खराब होत नाही, मुंबईत उभी राहून खराब होते. आपल्याकडची हवा खारी आणि दमट, आठवडाभर उभी केली की ब्रेकच्या डिस्कवर लाल थर येतो, महिनाभर ठेवली की हँडब्रेक चिकटतो, रबरी पाइप आतून वाळायला लागतात, टायरवर सपाट जागा पडते, बॅटरीचं तर बोलायलाच नको. त्यात आता पंपावर ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अर्धी टाकी पेट्रोल घेऊन पावसाळाभर गाडी उभी ठेवली तर टाकीत काय होत असेल विचार करा. २००५ च्या गाडीचे सील आणि पाइप असल्या पेट्रोलचा विचार करून बनवलेलेच नव्हते. मी फ्युएल लाइनचे रबरी तुकडे सगळे बदलून इथेनॉल चालणारे टाकले, आणि टाकी कधी फार दिवस तशीच ठेवत नाही. पेट्रोल ९५ ऑक्टेन किंवा त्याच्या वरचं, कारण साध्यावर पेट्रोल अवेळी भडकतं, ते ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि गाडी मंद होते, हा फरक चढावर सरळ सरळ जाणवतो.

लोक विचारतात की पंधरा वर्षं झाल्यावर गाडी भंगारात नाही का काढावी लागत. नाही. ते दिल्लीच्या बातम्या ऐकून इकडे पण तसंच असेल असं वाटतं लोकांना. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी आरटीओला गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पुढची पाच वर्षं मिळतात, मग परत तेच. फी मात्र वाढलीय, २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारला ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षं उलटलेल्या कारची थेट १०,००० केली. वर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आहेच. मला हे पैसे द्यायला काही वाटत नाही, गाडी तपासून घ्या, कडक तपासा, पण जी गाडी धूर सोडत नाही आणि नीट थांबते तिला फक्त वयावरून म्हातारी ठरवू नका एवढंच माझं म्हणणं आहे.

तर दिवाळीनंतर आम्ही निघालो, मी आणि धाकटा भाऊ. माझा आवडता लूप आहे हा: एक्सप्रेसवेनं पुणे, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, आणि कोकणातून वर घरी. दोन्ही बाजूंनी सह्याद्री एकदा चढायचा, एकदा उतरायचा. निघायच्या आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवणारा पट्टा, आणि वॉटर पंप नवीन टाकला, किलोमीटर कमी झाले होते तरी, कारण आमचे भांडुपचे मेकॅनिक मामा म्हणतात बेल्टचं वय बघायचं, मीटर बघायचं नाही. आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला भिडतो, वीसच्या वीस व्हॉल्व्हचं काय होईल ते सांगायला नको. बाकी डिकीत कूलंट, एक लिटर ऑइल, टॉर्च, इन्सुलेशन टेप, पाइप आवळायच्या जुबिली क्लिपा, आणि एक जादाची इग्निशन कॉइल, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायला वीज देणारा भाग.

एक्सप्रेसवेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, १०० ची मर्यादा आणि कॅमेरे, पाचव्या गिअरला टाकून गप्पा मारायच्या. गाडीला पण तिथे मजा येत नाही.

मजा पसरणीला सुरू होते. वाई सोडली की रस्ता वर उचलतो, खाली धोमचं पाणी दिसायला लागतं, आणि वळणं अशी आहेत की दुसरा आणि तिसरा, एवढेच दोन गिअर लागतात. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी नुसती चालत असते, साधी फॅमिली सेडान, आणि मग त्याच्या जरा वर गेलं की टर्बोची बारीक शिट्टी येते, अर्धा सेकंद काही होत नाही आणि मग पाठीला सीट लागते. तो अर्धा सेकंद नवीन गाड्यांमध्ये राहिला नाही. मला तोच हवा असतो, कारण त्यासाठी वळण संपायच्या थोडं आधी पाय द्यावा लागतो, म्हणजे रस्ता आधी वाचावा लागतो.

घाटाच्या वरच्या टप्प्यात गाडी अचानक झटके द्यायला लागली आणि इंजिनचा दिवा नुसता पेटला नाही तर लुकलुकायला लागला. दिवा लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, आणि तसंच रेटत राहिलं तर ते न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, म्हणून रुंद जागा बघून लगेच बाजूला घेतली. चार सिलिंडर, चार कॉइल, त्यातली कुठली गेली ते शोधायला कॉम्प्युटर लागत नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका कॉइलच्या वायरचा प्लग काढून बघायचा. चांगल्या कॉइलचा काढला की इंजिन अजून लंगडतं, आणि गेलेल्या कॉइलचा काढला तर काहीच फरक पडत नाही. हातात कापडाचं फडकं धरून, वायर न ओढता, क्लिप दाबून. भाऊ सायलेन्सरपाशी उभा राहून ऐकत होता.

"दादा, थांब, तिसरा. तिसरा काढला तरी आवाज तोच आहे."

इंजिन बंद केलं, तिसरी कॉइल वर ओढून काढली, तिच्या रबराला केसासारखी बारीक चीर होती, वीस वर्षं त्या उष्णतेत बसून दुसरं काय होणार. नवीन दाबून बसवली, प्लगचा टिक आवाज आला, स्टार्ट. एकदम गुळगुळीत. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं सगळं. हेच मला या काळातल्या गाड्यांचं सगळ्यात आवडतं, त्या पुरेशा आधुनिक आहेत की एबीएस आणि एअरबॅग आहेत, आणि पुरेशा जुन्या आहेत की बॉनेट उघडल्यावर आपल्याला काहीतरी करता येतं.

महाबळेश्वरला गर्दी होती, थांबलो नाही फार.

आंबेनळी मात्र सावकाश उतरलो. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा लागतो, तिथून पुढे पोलादपूरपर्यंत रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात कोसळली होती, हे इथून जाताना मी तरी विसरू शकत नाही. दीडशे हॉर्सपॉवर उतारावर काही कामाची नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडून इंजिनालाच वेग धरू देत, उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, नाहीतर ब्रेक तापतात आणि नेमके पाहिजे तेव्हा धरत नाहीत. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि एसटी समोरून आली तर तिला जागा द्यायची, तो तिचा रस्ता आहे. मागून एक नवीकोरी एसयूव्ही सारखी लाइट मारत होती, तिला जाऊ दिलं.

पोलादपूरला उतरल्यावर हवा बदलली, खिडक्या बंद, एसी चालू. मग महामार्ग ६६. त्याच्याबद्दल कोकणातल्या माणसानं वेगळं काय सांगायचं, छान चौपदरी काँक्रीट चालू असतं आणि मध्येच डायव्हर्जन, माणगावला तर गाड्या मुंगीच्या पावलानं. तिथे माझी नजर रस्त्यापेक्षा टेम्परेचरच्या काट्यावर होती. तो नव्वदवर सरळ उभा राहिला, जराही हलला नाही, नवीन वॉटर पंपाचे पैसे तिथेच वसूल. पेण सोडून पुढे चिर्ल्याहून अटल सेतूवर चढलो आणि थेट शिवडी.

घरी आल्यावर लगेच चावी फिरवली नाही. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवलं, कारण टर्बो तापलेला असताना ऑइलचा प्रवाह एकदम बंद केला तर आत राहिलेलं ऑइल करपून बेअरिंगवर थर धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक बघितली, ऑइल किंचित उतरलं होतं, या इंजिनाला तेवढं चालतं.

आता समृद्धीनं शेंद्र्याला जायचं डोक्यात आहे, जिथे गाडी बनली तिथे, आणि पुढे वेरूळ. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून रस्ता पूर्ण ७०१ किलोमीटरचा मोकळा आहे. पण सलग काँक्रीट, सलग वेग, ऊन, आणि टायर तापतात, तिथल्या टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. माझ्या मागच्या दोन टायरवर बाजूला तारीख ३२१९ आहे, म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे, तरी ते काढणार. चार नवीन सांगून ठेवलेत, आले की अलाइनमेंट, आणि मग निघायचं. कोणाकडे जुनी आरएस असेल आणि कव्हरखाली पडून असेल तर या बरोबर, कॉइल मी आणतो.