न्यूयॉर्कमध्ये एका प्लॉटचा झोन कसा बदलतो

न्यूयॉर्कमध्ये बहुतेक इमारती कुणाचीही खास परवानगी न घेता उभ्या राहतात. प्लॉटला लागलेल्या झोनमध्ये बसणारं बांधकाम असेल, तर बिल्डर इमारत खात्याकडे प्लॅन दाखल करतो, ते नियमात आहेत का एवढंच तपासलं जातं आणि काम सुरू होतं. सुनावणी नाही, नगरसेवकाची चिठ्ठी नाही. घोडं अडतं ते झोनच बदलायचा असेल तेव्हा. आपल्याकडे अशा फेरबदलाला राज्य सरकारची मंजुरी लागते. इथे निकाल शहरातल्या शहरात लागतो.

झोनची अक्षरं सोपी आहेत: आर निवासी, सी व्यापारी, एम कारखाने-गोदामं. एफएसआयला, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्याला, इथे एफएआर म्हणतात. 'झोला' या शहराच्या ऑनलाइन नकाशावर पत्ता टाकला की कुठल्याही प्लॉटचा झोन दिसतो. समजा 10,000 चौरस फुटांच्या प्लॉटवर जुनं गोदाम आहे आणि झोन एम1-1. एफएआर 1, म्हणजे 10,000 चौरस फूटच बांधकाम, आणि घरं मुळीच नाहीत. निवासी झोन आणि 6 चा एफएआर मिळाला, तर तिथेच 60,000 चौरस फूट घरं होतात. सगळा खटाटोप या फरकासाठी.

अर्ज 'युलर्प' नावाच्या प्रक्रियेतून जातो. ती 1970 च्या दशकात शहराच्या सनदेत आली आणि तिला घड्याळ लावलेलं आहे: कम्युनिटी बोर्डाला (वस्तीच्या सल्लागार मंडळाला) 60 दिवस, बरो (शहराचा मोठा विभाग) अध्यक्षांना 30, नगर नियोजन आयोगाला 60, सिटी कौन्सिलला 50. शहरात अशी 59 बोर्डं आहेत. सभासद बिनपगारी, बरो अध्यक्षांनी नेमलेले. लोकांची गर्दी होते ती इथे, आणि नेमकं याच मताला कायद्याचं बळ नाही. बोर्डाचं आणि बरो अध्यक्षांचं मत फक्त शिफारस. आयोगाच्या 13 जणांपैकी अध्यक्षांसह 7 महापौरांनी नेमलेले असतात, त्यामुळे महापौरांना हवा असलेला अर्ज तिथे सहसा अडत नाही.

खरा वेळ जातो तो घड्याळ सुरू व्हायच्या आधी. पर्यावरण अहवालात सावली, रहदारी, शाळांवरचा भार, गटारं असं सगळं तपासावं लागतं, आणि मसुदा पुरा झाल्याशिवाय नियोजन खातं अर्ज दाखलच करून घेत नाही. मोठ्या प्रकल्पात यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. अहवालात काय काय तपासायचं हे ठरवणारी एक वेगळी सभा असते. तिथे फारसं कुणी फिरकत नाही, पण 'आमच्या शाळेची जागा मोजा' हे सांगायची वेळ ती. नंतर सुनावणीत मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत तेच सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं. शिवाय पुढे कौन्सिल अर्ज कापू शकते, पण तपासलेल्या मर्यादेपलीकडे वाढवू शकत नाही. म्हणून बिल्डर सुरुवातीलाच गरजेपेक्षा जास्त मजले मागतात. चार मजले कमी झाल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कौन्सिलमध्ये 51 सभासद. प्रघात असा की ज्याच्या वॉर्डातला प्लॉट, त्याचा शब्द बाकीचे मानतात. 2022 मध्ये हार्लेममध्ये 145व्या रस्त्यावरचा शेकडो घरांचा प्रकल्प स्थानिक सभासदाच्या विरोधामुळे मतदानाआधीच मागे घेतला गेला, आणि पुढे मालकाने त्या जागेवर ट्रकचा तळ काढला. नोव्हेंबर 2025 मध्ये मतदारांनी या प्रघाताला थोडी वेसण घातली: परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प कौन्सिलने फेटाळला, तर महापौर, कौन्सिलच्या सभापती आणि बरो अध्यक्ष यांच्यापैकी दोघं मिळून तो निर्णय फिरवू शकतात.

सौदा कशावर होतो? मुख्यतः स्वस्त घरांच्या वाट्यावर. 2016 पासून, झोन बदलून घरांचं क्षेत्र बरंच वाढत असेल तर काही घरं कायमची परवडणारी ठेवावी लागतात. पहिला पर्याय 25 टक्के क्षेत्राचा: महानगर परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर, निम्मी खाली) सरासरी 60 टक्के कमावणाऱ्यांसाठी. दुसरा 30 टक्क्यांचा, पण सरासरी 80 टक्क्यांवाल्यांसाठी. वरच्या प्लॉटवर हिशेब 15,000 विरुद्ध 18,000 चौरस फुटांचा. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण भाडंही चढं असतं आणि वस्तीतल्या जुन्या भाडेकरूला ते बहुधा झेपत नाही. कुठले पर्याय लागू होतील यावर शेवटची मोहर कौन्सिलची, म्हणून भांडायचं तर टक्केवारीपेक्षा या उत्पन्नपट्ट्यावर भांडावं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती चित्रांमुळे. सुनावणीत दाखवलेली काचेची इमारत, तळमजल्यावरचं वाचनालय, झाडं, यातलं काहीही झोन बदलल्यामुळे बंधनकारक होत नाही. झोन जमिनीला लागतो, अर्जदाराला नाही. मंजुरीनंतर प्लॉट विकला गेला, तर नवा मालक त्या झोनमध्ये बसेल ते बांधू शकतो. आश्वासन टिकवायचं तर ते जमिनीच्या दस्तावर बंधन म्हणून नोंदवून घ्यावं लागतं, आणि तेही कौन्सिलच्या मतदानाआधी. एकदा मत पडलं की बिल्डरला सही करायची गरज उरत नाही.