तेलाचं माहेर

'विहिरीतून निघालेलं कच्चं तेल कुठल्या खडकात जन्मलं, हे चमचाभर तेलावरून तुम्ही कसं ओळखता?' मी भूरसायनशास्त्रात काम करते असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्या वालुकाश्मात तेल सापडतं, तो बहुतेक वेळा त्याचा नुसता मुक्काम असतो. तेल तयार होतं सेंद्रिय गाळाने भरलेल्या शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात) किंवा चुनखडकात. खोल गाडलं गेल्यावर तिथलं तापमान साधारण 60 ते 150 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोचलं, की तेल सुटतं आणि वरच्या, सच्छिद्र थरांकडे सरकतं. या प्रवासात ते माहेरच्या काही खुणा सोबत आणतं. 1930च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने खनिज तेलात पॉर्फिरिन नावाची संयुगं शोधली. त्यांचा सांगाडा हरितद्रव्याचा होता, फक्त मधल्या मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल बसलं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाचा रेणू अजून ओळखू येतो, याचं मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटतं.

आज आम्ही मुख्यतः होपेन आणि स्टेरेन हे रेणू बघतो. होपेन येतात जिवाणूंच्या पेशीपटलांतून, स्टेरेन शैवाल आणि वनस्पतींकडून. संशयित खडकाची पूड करून द्रावकाने त्यातला तेलकट अंश काढायचा, मग तो आणि विहिरीतलं तेल एकाच यंत्रातून, रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरमधून, न्यायचे आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे. असेच आणखी काही रेणू खुणेचे असतात. ओलिअनेन दिसलं तर सपुष्प वनस्पतींचा अंश आहे, म्हणजे खडक क्रिटेशस (डायनासोरांच्या शेवटच्या) काळातला किंवा त्यानंतरचा असण्याची शक्यता मोठी. गॅमासेरेन भरपूर असेल तर गाळ साचला तिथलं पाणी थरांत विभागलेलं होतं, बऱ्याचदा खारटही. डायास्टेरेन कमी असतील तर माती कमी असलेल्या चुनखडकाकडे बोट जातं.

मात्र एकट्या खुणेवर विसंबू नये. सुरुवातीच्या काळात मी एका नमुन्यात 29 कार्बनचे स्टेरेन जास्त दिसले म्हणून 'जमिनीवरच्या झाडांपासूनचं तेल' असं लिहून मोकळी झाले. ओमानच्या कँब्रियनपूर्व (54 कोटी वर्षांहून जुन्या) खडकांतल्या तेलांतही तेच स्टेरेन जास्त आहेत, आणि त्या काळी जमिनीवर झाडं नव्हतीच. ते हिरव्या शैवालांचे मानले जातात. हे मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं. अहवाल मी पुन्हा लिहिला.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की या पद्धतीचं खरं बळ 'नाही' म्हणण्यात आहे. 1989 मध्ये 'एक्सॉन वाल्डीझ' जहाजातून अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तेल सांडलं. नंतर किनाऱ्यावर सापडलेले काही डांबरगोळे त्याचेच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण कार्बन समस्थानिकांचं मूल्य, म्हणजे जड आणि हलक्या कार्बन अणूंचं प्रमाण ठरावीक मानकापेक्षा किती वेगळं आहे ते, जहाजातल्या तेलात सुमारे उणे 29 प्रतिसहस्र होतं, गोळ्यांत सुमारे उणे 24. रेणूंची ठेवणही वेगळी निघाली, ती कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे खडकातल्या तेलाशी जुळणारी. त्या भागात पूर्वी कॅलिफोर्नियाहून आणलेलं डांबर वापरात होतं, आणि 1964च्या भूकंपात फुटलेल्या साठ्यांतून ते समुद्रात गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला.

'हो, याच खडकातलं' म्हणायला मात्र मी वेळ घेते. एका साठ्यात दोन खडकांचं तेल मिसळलेलं असू शकतं. खूप तापलेल्या तेलात हे रेणू जवळपास संपलेले असतात, त्यामुळे कमी तापलेलं थोडंसं तेल जरी मिसळलं, तरी आलेखावर सगळ्या खुणा त्याच्याच दिसतात आणि ज्याचा वाटा मोठा तोच दिसेनासा होतो. म्हणून बाटली हातात आली की मी आधी हे तपासते, की हे तेल एकच आहे की दोन.