बाबांची दहावी उठबस
आज बाबांनी खुर्चीवरून दहाव्यांदा उठताना हाताचा आधार घेतला नाही. मांडी थरथरत होती, पण उठले! मला भरूनच आलं. मग नेहमीसारखा डबा उघडला, ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, ‘ताकदीसाठी’.

नॉर्वेत साठी उलटलेल्या पुरुषांवर झालेला अभ्यास (२०१६) मी त्यांना समजावला. १२ आठवडे वजनं उचलून ‘क’ आणि ‘ई’च्या गोळीवाल्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन १.४ टक्के वाढलं, तोच व्यायाम करून खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांचं ३.९ टक्के. ताकद मात्र दोघांचीही वाढली. व्यायामात ऑक्सिडेशनचा ताण (ऑक्सिजनपासून बनणाऱ्या तिखट कणांचा ताण) येतो, तोही स्नायूला वाढायचा निरोप देतो असं मानतात. ही जीवनसत्त्वं तो ताण कमी करतात, म्हणून मोठ्या डोसाने बहुधा तो निरोपच दबतो.

उद्या डॉक्टरांना विचारतोय. बाबा म्हणाले, "बरं, मग उद्या बारा वेळा."